कडूबाईची बाज

गोजरबाईच्या नाकाला अख्खी मढी भीत होती. नाक तसं साधंच, जरा बसकं, डाव्या बाजूला बारीक चमकी. पण नाथाला तेल लागलं, की त्या नाकाला जी धार चढायची म्हणता! वरच्या आळीत कुणी चोरून पापड तळला, तर खालच्या आळीत ही बाई हातातला जात्याचा खुंटा सोडून ताडकन उठायची, पदर खोचायची आणि वास काढत काढत बरोबर त्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहायची. मग काय विचारता! घरातली माणसं कढई लपवतील, चूल विझवतील, देवाशपथ म्हणतील, पण हिच्यापुढं कुणाची डाळ शिजायची नाही.

मढी म्हणजे कानिफनाथांची मढी. वर गडावर नाथांची समाधी, खाली उतरणीला गाव. पाथर्डीच्या त्या उजाड डोंगरात वर्षभर कुत्रं फिरकत नाही, पण फाल्गुनात माणसांना उभं राहायला जागा नसते. होळीला भटक्या गोपाळांचा मान, रंगपंचमीला समाधीचा दिवस आणि गाढवांचा मोठा बाजार, अमावस्येला पैठणहून गंगेचं पाणी घेऊन येणाऱ्या कावडी, असं पाडव्यापर्यंत चालतं. ह्या सगळ्याच्या आधी, होळीला पंधरवडा असताना, नाथाला तेल लावतात. एकदा तेल लागलं, की गावानं नेम धरायचा. कढई चढवायची नाही, दाढी करायची नाही, औत धरायचं नाही, लग्न लावायचं नाही, आणि बाजेवर निजायचं नाही. पाटील असो नाहीतर पोतराज, पाडव्यापर्यंत सगळे भुईवर. गावातलं सगळं तेल, सगळं सुख तेवढे दिवस नाथाचं.

गोजर काही ह्या नेमात वाढलेली नव्हती. तिचं माहेर खाली काष्टीकडं. लग्न होऊन मढीत आली तेव्हा परकर नेसायचं वय. पहिल्याच फाल्गुनात नणंदेचं पोर रडायला लागलं, घरात मोठं कुणी नाही, म्हणून हिनं मायेनं कढई ठेवली आणि कुरडया तळल्या. पोर गप्प झालं, पण गाव उठलं. बायका दारात जमल्या. सासऱ्यानं गडाच्या पायथ्याशी पागोटं काढून नाक घासलं. सासूनं हिच्या पाठीत लाकूड घातलं, आणि वर हिनंच गडाच्या पायऱ्या धुवायच्या असं ठरलं. विहिरीवरून घागरी वाहून वाहून पोरीचा खांदा सोलला. लोक जाता येता हसत होते. "कुरडईवाली आली रं," म्हणत होते.

नेम कशासाठी, कुणाला आहे, कुणाला नाही, हे तिला त्या दिवशी कुणी समजावून सांगितलं नाही. मार बसला, हसं झालं, एवढं मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढच्या वर्षापासून पोरगी अशी बदलली, की सासूसुद्धा चकित झाली. तेल लागायच्या आदल्या दिवशीच हिची कढई राखेनं घासून पालथी पडायची, बाज सोडून माळ्यावर जायची. आणि वय वाढत गेलं तशी ती दुसऱ्यांच्या कढयांवर नजर ठेवायला लागली. गावालाही ते बरंच होतं म्हणा. नेम पाळायची दगदग हिची, पुण्य सगळ्यांचं.

नवरा लवकर गेला. पदरात एकच, सूर्यभान. नाथाच्या नवसाचा. त्याला तिनं खुरपून, भांगलून, दळणं दळून वाढवला. पोरगा उंचापुरा निघाला, आणि लढाईचे दिवस आले तसा नगरला जाऊन पलटणीत भरती झाला. जायच्या आधी तिनं त्याचं लग्न उरकून घेतलं. सून जामखेडकडची, चांगुणा नावाची. बोलायला फटकळ, कामाला वाघ. हळद उतरायच्या आत नवरा बोटीवर चढला.

आणि एक दिवस तार आली. सूर्यभान मिसर देशाच्या वाळवंटात शत्रूच्या कैदेत सापडला.

गोजरबाई रडली नाही. तशीच गड चढून गेली. तिथं पायरीवर गहिनीनाथ आप्पा बसले होते. नाथाला तेल लावायचा मान त्यांच्या घराण्याचा, गावातलं जाणतं माणूस. यात्रेकरूंना ते दरवर्षी एक गोष्ट सांगायचे, तीच त्यांनी तिला सांगितली. शाहूराजे बादशहाच्या कैदेत होते, तेव्हा येसूबाई राणीसाहेबांनी ह्याच नाथाला नवस बोलला. राजे सुटले. मग नवस फेडायला गडाचं बांधकाम झालं, आणि गोपाळांनी अंगावर दगड वाहिले म्हणून होळीचा मान त्यांना मिळाला. मढीत हे लहान पोरही सांगतं. गोजरनंही शंभरदा ऐकलेलं. पण त्या दिवशी ते तिच्या काळजात जाऊन बसलं.

"आप्पा, राणीचं लेकरू सोडवलं, मग माजं न्हाई सोडवायचा व्हय नाथ?"

"सोडवंल की. का न्हाई सोडवायचा?"

"पर राणीनं गड बांधला. मी काय बांधू? माज्याकडं हाय काय?"

"नेम धर बाई," आप्पा म्हणाले. "नेम लई मोठा."

झालं! आप्पा सहज बोलून गेले, आणि हिनं ते गाठीला बांधलं. आपला नेम तर आपण धरतोच. पण गावात कुठं एक जरी कढई चढली, एक जरी बाज पडली, तरी नाथ रुसेल आणि तिकडं सूर्यभानच्या दाराला आणखी एक कुलूप लागेल, असं तिच्या मनानं घेतलं. वेड होतं ते, दुसरं काय! पण ज्या आईचं एकुलतं एक पोर शत्रूच्या हातात, तिला शहाणपण कोण शिकवणार?

तार आली त्याच साली फाल्गुनात शेजारच्या कडूबाईची लेक लंका बाळंतपणाला माहेरी आली होती.

कडूबाई हिच्यासारखीच विधवा, बाहेरगावाहून आलेली, स्वभावानं गरीब गाय. दोघींच्या घरात एक भिंत सामायिक. लंका गोजरच्याच अंगणात खेळून मोठी झालेली, हिनंच तिच्या उवा काढलेल्या, वेण्या घातलेल्या. तेल लागलं, आणि पुढच्याच दिवशी लंका मोकळी झाली. मुलगा झाला. कडूबाईनं रीतीप्रमाणं बाज टाकली, खाली शेगडी ठेवली, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या. तो वास भिंतीवरून गोजरच्या नाकात गेला.

तळणाचा नव्हता. पण बाळंतशेपांची धुरी म्हणजे वर बाज आलीच.

"कडूबाई, गावाला तेल लागलंय ना?" दारातूनच हिनं विचारलं.

"लागलंय की."

"मग ही बाज कुनाची?"

"आगं, लंकीची. ओली बाळंतीण हाय. तिला शेक नगं का?"

"बाळंतीण झाली म्हून नाथ डोळं झाकून घेतो व्हय? माजं पोरगं तिकडं कैदेत कुजतंय, आन तुमी हितं गादीवर लोळा! उद्या त्याचं काय बरंवाईट झालं, तर तुज्या दारात येऊन ऊर बडवीन मी. सांगून ठेवते!"

कडूबाई घाबरली. नेमाचं बारकं तिलाही ठाऊक नव्हतं. आणि पलटणीतल्या पोराच्या आईचा तळतळाट कुणाला हवाय? ती लेकीकडं बघत राहिली. लंका पोरगी सोन्यासारखी. तीच म्हणाली, "असू दे गं आये. घोंगडी टाक. निजते मी खाली. मावशीचा सूर्यभानदादा सुटून यायचाय."

गोजरनं स्वतःच्या हातानं तिला खाली उतरवलं. जपून उतरवलं, डोक्याखाली आपला पदर घडी करून ठेवला. त्यात तिच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

त्या वर्षी फाल्गुनात हवा उलटली. आभाळ आलं, डोंगरावरून बोचरं वारं सुटलं. सारवलेली भुई रात्रभर गारठायची. लंकाच्या अंगात थंडी भरली, मग ताप, मग तोंडानं काहीबाही बडबड. पाडव्याची गुढी तिनं बघितली नाही. तान्हं पोर तिच्या राहात्याच्या सासरचे येऊन घेऊन गेले, आणि पुन्हा काही मढीकडं फिरकले नाहीत. कडूबाईनं ती बाज मागच्या पडवीत भिंतीला उभी करून ठेवली.

आणि बोलली नाही. चकार शब्द बोलली नाही. तिनं एकदा जरी शिव्या दिल्या असत्या, तरी गोजर दहा शिव्या देऊन मोकळी झाली असती, दोघी रडल्या असत्या, काहीतरी निचरा झाला असता. कडूबाई विहिरीवर भेटली की घागर उचलू लागायची, सणाला वाटी पाठवायची. त्या वाटीतलं गोजरच्या घशाखाली उतरत नसे. "नेमच होता," ती मनाशी म्हणायची. "मी काय करणार? नेमच होता."

पुढं दोन-तीन वर्षांनी लढाई संपली. आणि नाथ पावला! पुढच्या पौषात सूर्यभान घरी आला.

आला म्हणजे काय, त्याचा सांगाडा आला. लष्कराच्या दवाखान्यात महिने काढून आलेला, तरी गालाची हाडं वर, डोळे आत, आणि छातीत सारखी खरखर. गोजरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, कानशिलावर बोटं मोडली. गडावर जाऊन पायरीवर डोकं आपटलं. राणीचं लेकरू आलं तसं माझं आलं, असं भेटेल त्याला सांगत सुटली. कडूबाईलाही सांगितलं. कडूबाई म्हणाली, "चांगलं झालं गं." आणि खरंच तसं वाटून म्हणाली.

पोरानं घरात आल्यावर मागितलं काय? तर बाज.

"आये, वाळवंटातनं आमाला बोटीनं पार थंड मुलखात नेलं. तिथं नुसती फरशी हुती. बर्फ पडायचं भाईर आन आमी फरशीवर. मी मनात म्हनायचो, घरी गेल्यावर बाजंवर निजीन. उन्हात टाकलेल्या बाजंवर. लई निजीन."

गोजरनं नवं सुंभ आणून बाज विणून घेतली. चांगुणानं आपल्या लुगड्यांची वाकळ शिवली. पोरगा दिवसभर अंगणात उन्हाला बाजेवर पडून असायचा. येणाऱ्या जाणाऱ्याशी बोलायचा, बायकोची चेष्टा करायचा. चांगुणा लटकी रागवायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. पाथर्डीचे डॉक्टर येऊन बघून गेले. छातीत पाणी आहे म्हणाले. "ओल लागू देऊ नका. काही झालं तरी भुईवर निजवू नका." बाकी औषधाचं त्यांनी फार काही सांगितलं नाही, त्यातच काय ते कळत होतं. पण माघ सरता सरता पोराच्या तोंडावर थोडी कळा आली. भाकरी मागून खायला लागला.

आणि नाथाला तेल लागलं.

सकाळी गडावरची घंटा वाजली तशी गोजर हातातलं काम टाकून बाहेर आली. ती ओट्यावर बसून राहिली. आळीतल्या बाजा एकेक करून आत जात होत्या. येणारा जाणारा हिच्या अंगणातल्या बाजेकडं एकदा बघायचा आणि मान वळवून पुढं जायचा. कुणी काही म्हणालं नाही. कोण म्हणणार? सगळ्यांना म्हणणारी तर हीच.

चांगुणा पाण्याला गेली होती. गोजर उठली. घोंगडी आत भुईवर अंथरली, त्यावर वाकळ. सूर्यभान ग्लानीत होता. तिनं त्याला काखेत धरून आत नेलं. केवढासा उरला होता तो! एकट्या बाईला उचलला गेला. त्याला खाली निजवून तिनं बाज माळ्यावर टाकली आणि शिडी काढून घेतली.

चांगुणा डोक्यावर घागर घेऊन आली आणि उंबऱ्यातच थिजली. तिच्या जामखेडकडं तेल लागणं वगैरे काही नव्हतं. लंकाच्या साली ती माहेरी होती. बाकीचे फाल्गुन तिनं मढीत काढले होते, पण ते नुसते निजायच्या अडचणीचे दिवस म्हणून. आजाऱ्याला बाजेवरून उचलून भुईवर घेतलेलं तिनं जन्मात एकाच कारणानं बघितलं होतं. जीव जायला आला, की घेतात. दुसऱ्या कशाला घेतात?

घागर खाली आपटली. "आवं, गेलात की वो मला टाकून!" म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, तो गडापर्यंत ऐकू गेला असेल. आळी धावली. बायका पदर तोंडाला लावूनच आत शिरल्या.

त्या गोंधळानं सूर्यभाननं डोळे उघडले. वर बायकांची तोंडं, पाठीखाली भुई. तो आईकडं बघत म्हणाला, "आये, मला खाली काढलं? माजं सपलं व्हय?"

"न्हाई रं माज्या राजा, न्हाई! तेल लागलंय नाथाला. नेम हाय आपला. ह्या येडीला काय कळतंय!"

त्यानं ऐकलं. पण एकदा मनात शिरलेली गोष्ट अशी निघते थोडीच? "कैदंतबी भुईच हुती," एवढं म्हणाला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

कुणीतरी आप्पांना बोलावून आणलं. गहिनीनाथ आप्पा, हाताला अजून नाथाचं तेल, दारात येऊन उभे राहिले.

"गोजर, आजारी पोराला भुईवर का घेतलंस?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आप्पा, तुमीच तर सकाळी तेल लावलं."

"आगं लावलं. पर आजाऱ्याला नेम नसतो. बाळंतणीला नसतो, तान्ह्याला नसतो. नाथ काय कसाई हाय व्हय?"

"कवापसून नसतो?"

"कवाच नव्हता. माज्या आज्याच्या येळंपसून न्हाई."

बायकांच्या मागं, दाराशी, कडूबाई उभी होती. कमरेवर वैरणीची पेंढी. गोजरनं तिच्याकडं बघितलं आणि झटकन नजर काढून घेतली.

"मग त्या साली का बोलला न्हाई, आप्पा?"

"कोन्त्या साली? मला कुनी इचारलं?" आप्पांना खरंच काही ठाऊक नव्हतं. लंका तापानं गेली, एवढंच त्यांनी ऐकलेलं. "टाक बाज, पोराला वर घे. माजा शब्द हाय."

आता बघा, केवढं सोपं होतं! शिडी लावायची, बाज काढायची. गोजर उठलीसुद्धा. पण शिडीला हात लावला आणि तिनं तो तसाच काढून घेतला. बाज टाकली म्हणजे आप्पांचं खरं. आप्पांचं खरं म्हणजे नेम नव्हताच. नेम नव्हता, तर लंकाला कुणी उतरवली? कशासाठी उतरवली? लेकीसारखी पोर होती ती. जोवर नेम आहे, तोवर ती नेमानं गेली. नेम नाही म्हटलं, की ह्या हातांनी गेली. आणि सूर्यभान त्याच मोबदल्यात आला होता ना? मग तो सौदाच खोटा?

"नेम म्हंजे नेम, आप्पा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "माज्या घरात पाडव्याबिगर बाज पडनार न्हाई."

आप्पा कपाळाला हात लावून निघून गेले. कडूबाई त्यांच्याही आधी गेली होती.

त्या दिवसापासून घरात सासू-सुनेचं उभं वैर सुरू झालं. चांगुणा पाया पडली, भांडली, उपाशी राहिली. एकदा स्वतःच खांबावर चढून माळ्यावर जायला बघत होती, तर गोजरनं तिचा पाय धरून खाली ओढलं. "तुमी आई हाय का कोन हाय वो?" चांगुणा ओरडली. आईच होती की गोजर! त्याच्या घोंगडीखाली तिनं स्वतःची वाकळ घातली, त्याच्याखाली पोती घातली, कडबा पसरला, स्वतः उघड्या भुईवर निजली. भुईतली ओल आपल्या अंगात यावी म्हणून त्याला चिकटून निजायची. पण बाज म्हटलं की दात आवळायची.

होळी झाली. गोपाळांच्या मानाच्या गोवऱ्या वाजतगाजत आल्या, गडावर जाळ उठला. सूर्यभानचा खोकला वाढला. तोंडातून रक्त पडायला लागलं. रंगपंचमीला माणसांचा समुद्र लोटला, रेवड्यांची दुकानं लागली. गाढवांच्या ओरडण्यानं बाजूचं बोललेलं ऐकू येईना. पोराच्या ओठावर थोडं हसू आलं. "गाढवं आली व्हय गं?" लहानपणी त्यांच्या पाठीवर बसायला मिळावं म्हणून तो कैकाड्यांच्या मागं मागं हिंडायचा. "तुला आणू का दारात एखादं?" गोजर म्हणाली. त्यानं डोळे मिटून घेतले. त्याची जगायची वासना उडाली होती. ज्या दिवशी पाठ भुईला लागली, त्याच दिवशी त्यानं मनानं गाठोडं बांधलं होतं, आणि हे गोजरला कळत नव्हतं असं थोडंच आहे!

अमावस्येच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, दारात अंधार पडला. गोजरनं मान वर केली. कडूबाई. डोक्यावर बाज.

"सरक जरा," कडूबाई म्हणाली. बाज आडवी करून तिनं ती आत घेतली आणि घराच्या मधोमध टेकवली. सुंभ जागोजागी सैल पडलेलं. एका खुराला अजून जुन्या शेगडीचा काळा डाग.

"कडूबाई, ही..."

"तुला ठावं हाय कोन्ती ती." तिनं काखेतली गोधडी वर पसरली. "आजाऱ्याला नेम नसतो म्हनं. मी ऐकलं की त्या दिवशी."

"ऐकलंस आन गप ऱ्हायलीस? बोल की मला! हान माज्या तोंडात! तुजी लंकी मी..." गोजरला पुढं बोलवेना. तिनं कडूबाईचे पाय धरले. इतक्या वर्षांचं सगळं त्या पायांवर सांडलं.

कडूबाईनं पाय काढून घेतले. रागानं नाही, दळताना मधे आलेलं पोर बाजूला करावं तसं. म्हणाली, "रोज हितवर येत हुते आन माघारी जात हुते. बाज द्यायचं मनात येत नव्हतं. खोटं कशाला बोलू? आज आले. तू पायाकडनं धर, मी डोक्याकडनं धरते."

दोघींनी मिळून त्याला वर घेतलं. सुंभ करकरलं. सूर्यभाननं डोळे न उघडताच हात बाजूला चाचपला, लाकूड लागलं तसा मोठा श्वास सोडला. "बाज," म्हणाला. चांगुणानं गरम पेज आणली. दोन घोट प्यायला, तिसरा ओघळला. गोजर बघत होती. तोंडावर तेज आलंय असं तिला वाटलं. "बघ गं, बघ, उद्या उठून बसतो का न्हाई!" ती कडूबाईला म्हणाली. कडूबाईनं ओघळलेली पेज पदरानं टिपली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं आणि पैठणच्या कावडी गावात शिरल्या. घुंगरं, डफ, नाथाच्या नावाची आरोळी. गंगेचं पाणी माणसांच्या खांद्यावरून उड्या मारत आळीतून गडाकडं निघालं. इकडं सूर्यभानचा श्वास वर लागला. दर श्वासाला मान उचलायची. आळीतल्या बायका आत आल्या. त्यांना सांगावं लागत नाही.

"गोजरबाई, खाली घ्या त्याला. येळ झाली. बाजंवर जीव जाऊ नये."

"न्हाई."

"आगं, अधांतरी जाईल तो! गती मिळायची न्हाई त्याला!"

दोघी जणी पुढं झाल्या, एकीनं पायाला हात घातला. गोजर उठली आणि बाजेला आडवी झाली. साऱ्या जन्मात जिनं एक नेम मोडला नाही, आणि दुसऱ्याला मोडू दिला नाही, ती बाई गुरासारखी ओरडली, "हात लावू नगा! मी न्हाई उतरवायची! पुन्यांदा न्हाई उतरवायची!"

बायका मागं सरल्या. एक म्हातारी कडूबाईला म्हणाली, "तू तरी सांग हिला. तुजं ऐकंल."

कडूबाई उशाशी बसली होती. "माजी भुईवर गेली," ती म्हणाली. "ह्याला ऱ्हाऊ द्या."

चांगुणानं तुळशीचं पान त्याच्या ओठावर ठेवलं. बाहेर आरोळी उठली, घुंगरं दारावरून पुढं गेली, आणि ती लांब जाईपर्यंत बाजेवरची खरखर थांबलेली होती. चांगुणानं कपाळ आपटून घेतलं. बायकांनी तिला आवरलं. गोजर तशीच आडवी, दोन्ही हातांनी लाकूड धरून.

बायका बाहेरच्या तयारीला लागल्या तेव्हा ती म्हणाली, "कडूबाई, तुजी बाज गं... मेलेल्याची झाली. आता टाकून द्यावी लागंल."

"देऊ टाकून."

"लंकीची हुती."

"व्हय," कडूबाई म्हणाली. "पर माज्या घरात आता निजायला हाय कोन?"

मागून राहिलेली एक कावड आळीतून धावत गेली. नाथाचा गजर झाला. कडूबाईचे हात सवयीनं जोडले गेले. गोजरचे जोडले गेले नाहीत. ते बाजेवर होते.